न्गादी आपल्या पायांनी गेली

१

"पेटारी रिकामी आहे! न्गादी गेली!"

असं ओरडत मिशे चढावरून धावत खाली आला, तेव्हा आम्ही बायका क्येनच्या अंगणात बसून त्याचं शेवटचं वस्त्र भरत होतो. क्येन आमच्या गावचा मोठा मानकरी, टोपीत गरुडाचं पीस लावणारा. त्याला तांबडी पूड माखून आतल्या खोलीत ठेवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी उचलायचं होतं. माझ्या हातातली सुई हातातच राहिली.

पुढे जाण्याआधी एक सांगून ठेवते, नंतर भांडायला येऊ नका. न्गादी म्हणजे आम्हा सगळ्यांची पहिली आई. मानकऱ्याला उचलायच्या दिवशी ती रानातून येते, त्याच्या दारात नाचते, मगच त्याला उचलतात. तिच्या आत कुणी पुरुष असतो, हे आम्हा बायकांना ठाऊक नसतं. ठाऊक आहे हे आम्ही पुरुषांना कळू देत नाही, आणि आम्ही कळू देत नाही हे ते ओळखून असतात. असा आमचा सुखाचा संसार चालतो.

तर मिशे. चढावर जे पुरुषांचं घर आहे, जिथे बायकांनी पाऊल टाकायचं नाही, त्याचा हा रखवालदार. अंगणात येऊन तो थेट लाकोशसमोर उभा राहिला. लाकोश हा क्येनच्या बहिणीचा मुलगा. आई गेली तेव्हापासून मामानंच त्याला पोटाशी धरलेलं.

"कुठे आहे ती? काल दुपारी तिला घालून तूच नाचलास ना? आणि नाचून झाल्यावर कुणाला विकलीस?"

अगबाई! अंगणभर बायका बसलेल्या, आणि हा बाबा खुशाल म्हणतो, "घालून"! म्हाताऱ्या म्बोयोनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मी आपली मान खाली घालून दोरा ओवायला लागले. ओवलेलाच होता तो, पण कुठेतरी बघायला हवं ना.

"मी काल इथे नव्हतोच," लाकोश म्हणाला.

"मग कुठे होतास?"

लाकोशनं तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"बघा! बघा याचं तोंड!" मिशेचा आवाज फाटला होता. "उद्या उचलायच्या आत ती परत आली नाही, तर तुला पुरुषांच्या घरातून काढला असं समज. मामाला खांदा द्यायला येऊ नकोस. कुंपणाबाहेर पोराटोरांत उभा राहा."

लाकोशला वर्षभरापूर्वीच तो मान मिळाला होता. कसला मान ते मी सांगणार नाही, मला ठाऊक नाही. पण मामाच्या शेवटच्या दिवशी न्गादी उत्तम नाचावी म्हणून तो पोरगा झुरत होता, एवढं मी डोळ्यांनी बघत होते. आता नाचणं राहिलं बाजूला, मामाला खांदा देणंही हातातून चाललं होतं. तो कुणाला काही न बोलता भिंतीला टेकून खाली बसला.

"मिंगाला बोलवा," आतून क्येनची विधवा बुलापे म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

२

मिंगा माझा धाकटा भाऊ. शेजारच्या गावात असतो. कुणाचं काही हरवलं, चोरीला गेलं, कुणी कुणावर करणी केली, की त्याच्याकडे माणूस धाडतात. त्याच्यापाशी एक लाकडी मगर आहे, सपाट पाठीची, घासून घासून गुळगुळीत झालेली. पाठीवर पाणी शिंपडायचं, लाकडाची चकती त्यावर मागेपुढे घासायची आणि एकेक नाव घ्यायचं. गुन्हेगाराचं नाव आलं की चकती चिकटते. मग बैल लावून ओढा, हलायची नाही.

दुपार व्हायच्या आत तो सायकलवरून आला. मगर पोत्यात बांधलेली. आल्या आल्या माझ्या चुलीपाशी बसला.

"ताई, आधी जेवायला घाल."

"इथे पोराच्या गळ्याशी आलंय आणि तुला पोटाची पडलीय?"

"रिकाम्या पोटी मगर चालत नाही."

"मगर की तू?"

"आम्ही वेगळे थोडेच आहोत?"

मी कसाव्याच्या कंदाचा गोळा आणि शेंगदाण्याच्या कुटातली पाल्याची भाजी त्याच्यापुढे सरकवली. तो खात असताना मी विचारलं, "खरं सांग मिंगा, त्या लाकडाला काय कळतं?"

"काही कळत नाही. पण समोर बसलेल्याला कळतं ना, की आता आपलं नाव येणार." त्यानं बोटं चाटली. "खाई त्याला खवखवे. ताई, मी मगरीकडे कधी बघतच नाही. मी माणसांकडे बघतो."

असा हा माझा भाऊ. लहानपणी माझी केळी चोरून खायचा आणि मलाच चोर शोधायला मदत करायचा. पण डोकं असं की बघत राहावं.

मग त्यानं लाकोशला माझ्या परसात बोलावलं. मी जवळच कसावा सोलत बसले. माझं घर, माझं परस, मी कुठे जाऊ?

"न्गादी काल दुपारी आली," मिंगा म्हणाला. "सगळं गाव म्हणतं की उद्याच्या आधीच मामाला भेटायला आली. मिशे मात्र काही भलतंच म्हणतो."

"मी नव्हतो, मिंगामामा. सगळे पुरुष खड्डा खणायला गेले होते. मीही गेलो असतो."

"पण गेला नाहीस."

"नाही."

"कुठे होतास?"

"ते नका विचारू. हसतील लोक."

"चोर म्हणतायत त्यापेक्षा हसलेलं वाईट?"

"मला वाईट," लाकोश म्हणाला आणि रडकुंडीला आला.

मिंगा त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. तो बघत होता त्याच्या हातांकडे. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट तांबडं झालं होतं, नखांच्या कडेपर्यंत.

"मामाला पूड तू माखलीस?"

"ते बायकांचं काम."

"मग हे काय?"

लाकोशनं पटकन हात कमरेच्या वस्त्रात खुपसले. त्यानंतर काही केल्या तो बोलला नाही.

३

मिशे मात्र विचारल्याशिवायच बोलत होता. गेल्या आठवड्यात नदीकाठच्या शहरातून एक व्यापारी मोटरसायकलवरून आला होता, जुन्या वस्तू विकता का विचारत. लाकोश त्याच्याशी बोलताना मिशेनं पाहिला होता.

"तूही बोललास की त्याच्याशी," मिंगा म्हणाला.

"मी त्याला हाकलला! माझ्या बापानं ती पेटारी सांभाळली, आजानं सांभाळली. आणि माझ्या हातून..." मिशेनं डोळे पुसले. मला त्याचा राग आला होता, पण त्याचं रडणं खरं होतं. जीभ लांब असली म्हणून माणूस खोटाच असतो असं नाही.

दुसरा संशय कोतोवर. कोतो पलीकडच्या काठचा लाकूडकाम करणारा. क्येनच्या तांबड्या पुडीच्या डब्याचं झाकण दुरुस्त करायला आला आणि मयत झाली म्हणून राहिला. न्गादीला जवळून बघू दे म्हणून त्यानं मिशेच्या मागे भुणभुण लावली होती, हे गावाला माहीत होतं.

"बघायची होती, खोटं कशाला बोलू?" कोतो म्हणाला. "तो चेहरा ज्यानं कोरला..." त्याची नजर माझ्यावर पडली. त्यानं जीभ चावली. "म्हणजे ज्या कुण्या देवानं घडवला, त्यानं गालांवर ते काळेपांढरे त्रिकोण काढताना एकदासुद्धा हात हलू दिला नाही. आणि डोळ्यांखालच्या आसवांच्या त्या रेघा! जवळून बघाल तर नुसत्या सरळ रेघा. ती वळली, मान कलती केली, की खरंच रडतेय असं वाटतं. मी आयुष्यभर तसं करायला बघतोय."

"मग नेली असशील."

"कशाला? मला तसा चेहरा जमला तर दुसऱ्याचा हवा कशाला? आणि जमत नसेल तर तो घरात ठेवून काय करू? रोज उठून मला वेडावून दाखवेल."

मिंगा हसला. मलाही ते पटलं.

राहिला बोलोंगबाबा. क्येन आणि तो एकाच वर्षी पुरुषांत घेतलेले, जन्माचे सोबती. गुडघ्यानं दगा दिल्यापासून बाबाचं कुठे येणंजाणं नव्हतं. तो क्येनच्या दाराशी चटईवर बसून होता. कुणी काही खायला दिलं तर नको म्हणायचा.

"काल दुपारी न्गादी आली तेव्हा तुम्ही कुठे होतात बाबा?" मिंगानं विचारलं.

"घरात पडून होतो. हा गुडघा बघ केवढा सुजलाय."

खरंच कोहळ्याएवढा दिसत होता. बाबा उठायला लागला तशी मिंगानं त्याची काठी उचलून हातात दिली. दिली ती लगेच नाही, जरा हातात फिरवून मग. ओल्या फांदीची काठी होती, साल नुकतीच सोललेली, हाताला चिकट लागत असावी. मिंगानं तळवा वस्त्राला पुसला आणि म्हणाला, "जपून चाला."

४

"आता बायकांशी बोलतो," मिंगा म्हणाला.

"काय बोलणार? आम्हाला काही ठाऊक नसतं."

"म्हणूनच तर. ज्यांना काही ठाऊक नसतं, त्यांनी सगळं बघितलेलं असतं."

तो येऊन आमच्या घोळक्यात बसला. मांडीवर मगर, पण नुसतीच. आधी आमच्या भरतकामाचं कौतुक केलं, म्बोयोच्या म्हातारपणाची चेष्टा केली, तिच्याकडून एक शिवी खाल्ली. मग सहज म्हणाला, "काल तुमच्याकडे पाहुणी आली होती म्हणे. प्रकृती बरी होती का तिची?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हे विचारलेलं चालण्यासारखं होतं. पाहुणी आली, तिची प्रकृती विचारली, त्यात काय गुपित फुटतं?

"प्रकृती?" म्बोयो म्हणाली. "अरे, मी नवी नवरी होते तेव्हा ती नाचायची, तशी नाचली काल! भरलेली घागर उतरवताना बाई कशी कमरेत अलगद वाकते, तशी वाकून मागे सरली. मला वाटलं होतं, विसरली ती आता हे सगळं. हल्ली नुसती उड्या मारते."

"पण दमली गं लवकर," दुसरी म्हणाली.

"दमली का? बघ बाई, माझ्या लक्षात आलं नाही," मिंगा म्हणाला. खोटारडा, तो तिथे होता कुठे!

"दारापाशी खांबाला धरून उभी राहिली. बराच वेळ. मी मनात म्हटलं, रडतेय."

"आणि डावा पाय जड पडत होता."

"आणि गेली ती झऱ्याकडच्या वाटेनं," मी म्हणाले. "एरवी चढाकडे जाते. काल चढाकडे नुसतं बघितलं आणि खालच्या वाटेला लागली."

मिंगा माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी केळ्यांचा घड दिसल्यावर बघायचा तसा.

"म्हणजे आपली पहिली आई म्हातारी होत चाललीय म्हणायचं," तो हळूच म्हणाला. बायका हसल्या. हसता हसता एकेक गप्प झाली. काल पाहुणी कोणाच्या पायांनी आली होती, ते आम्हा सगळ्यांना बघता क्षणीच कळलं होतं. बाई नवऱ्याला चेहऱ्यावरून ओळखते आणि गावाला चालीवरून. पण ते म्हणायचं कोणी? म्हणजे लाकोश निर्दोष आहे हे ठाऊक असूनही आम्ही सगळ्या तोंड शिवून बसलो होतो. माझी मलाच लाज वाटली.

मी रागारागानं भरत पुढे ओढलं. हे वस्त्र म्हणजे घराण्यातल्या एकेका बाईनं भरलेले तुकडे, जोडून लांबच लांब केलेले. पुरुष विणतात, आम्ही त्यावर राफिया ताडाच्या पानांच्या धाग्यानं भरतो आणि टोकं छाटतो, की मखमल तयार. नक्षी कुणी आखून देत नाही. ज्याची त्याची बोटं. म्हणून तुकडा बघून मी सांगते, हा हिचा, तो तिचा. एका टोकाला जागा रिकामी राहणार होती. क्येनच्या बहिणीची, लाकोशच्या आईची. ती मेलेली, मागे मुलगी नाही. बुलापेनं सकाळी सगळे तुकडे टोपलीतून आणून दिले, ते मी जोडत सुटले होते.

आणि त्या रिकाम्या जागेवर तुकडा होता.

तांबड्या धाग्याचा, कमी पडला तिथे काळा जोडलेला, ताजा, टोकं नुकतीच छाटलेली. वळणावर धागा जरासा दाटून घ्यायची लकब. ती लकब मी हजारात ओळखली असती.

"मिंगा," मी म्हणाले, "हे कापड कालपरवाचं आहे. आणि हा हात लाकोशच्या आईचा आहे."

५

भुताखेतांवर माझा विश्वास आहे. पण भूत धागा कमी पडला म्हणून दुसऱ्या रंगाचा जोडत नाही. मी तुकडा घेतला आणि सरळ लाकोशपुढे धरला.

"हे तू केलंस?"

पोरगा लालबुंद झाला. "हळू बोल ना, मावशी!"

"काल दुपारी?"

"आईच्या बंद घरात बसून. आई आजारी होती तेव्हा तिची बोटं वळायची नाहीत. तिचे तुकडे मीच पुरे करायचो. ती सांगायची तसं." तो माझ्याकडे बघेना. "मामाच्या वस्त्रात आईची जागा रिकामी राहिली असती, म्हणून भरला आणि रात्री गुपचूप टोपलीत सरकवला. पण पुरुषानं सुई धरली म्हणून कळलं तर मला कोण उभं करील? तांबडा धागा बोटांना लागला, तो धुऊनही जाईना."

मिंगा मोठ्यानं हसणार होता, मी त्याच्या पोटरीवर चापट मारली. आमच्यात बाईचा चेहरा लावून पुरुष नाचला तर अख्खं गाव डोलतं. तोच पुरुष बाईची सुई धरून बसला तर हसून हसून त्याला गाव सोडायला लावतील. आता यावर मी काय बोलू? तुकडा मात्र इतका देखणा होता की मला हेवा वाटला.

"हा तुझ्या आईचाच आहे," मी त्याला सांगितलं. "कुणी विचारलं तर मी शपथेवर सांगीन. हात तिचाच आहे."

मग मिंगा बोलोंगबाबाकडे गेला. बाबाचं घर आणि क्येनचं घर यांच्यामध्ये ताडाच्या झावळ्यांची भिंत आहे. मला तिथे पाला खुडायचा होता.

"बाबा, तुमची कोरीव मुठीची काठी कुठे आहे?" मिंगानं विचारलं. "ती सोडून ओली फांदी का धरलीत?"

पलीकडे काठी चटईखाली सरकवल्याचा आवाज आला.

"मी सांगू? ती वर पुरुषांच्या घराच्या दारामागे आहे. मी आत्ताच पाहून आलो. सगळे खड्डा खणायला गेले, तेव्हा तुम्ही ती टेकत टेकत चढ चढलात. उतरताना ती धरणं शक्य नव्हतं. न्गादी काठी टेकत नाही. आणि नाचून झाल्यावर काठीशिवाय तुम्हाला चढ चढवेना."

मग बाबा म्हणाला, "क्येननं बोलावलं होतं मला. शेवटच्या दिवशी. तरुणपणी आम्ही दोघं आळीपाळीनं... तुला काय सांगू! मी नाचायचो तेव्हा तो ढोल धरायचा, तो नाचायचा तेव्हा मी. तो म्हणाला, दारात तू ये. आता मिशे आणि बाकीच्यांनी माझा गुडघा बघून मला कधीच बसवला आहे. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. म्हणून न विचारता गेलो."

"आणि ती?"

"झऱ्याच्या खाली, राफियाच्या राईत, धागे वाळवायच्या खोपटात. पानांखाली नीट झाकून ठेवलीय. पहाटे वर नेणार होतो. पहाटे पाय टेकवेना. आणि तेवढ्यात मिशे बोंबलायला लागला."

"लाकोशचं नाव आलं तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो तर मला बाहेर काढतील. विचारल्याशिवाय तिला हात लावला म्हणून. उद्या क्येनला उचलतील आणि मी कुंपणाबाहेर." बाबा रडत होता. "सकाळपासून तोंड उघडतोय आणि मिटतोय. भेकड आहे मी, मिंगा. पण आता उठतो आणि सांगतो."

"बसा," मिंगा म्हणाला. "तुम्ही सांगितलंत की तुम्ही बाहेर. नाही सांगितलंत की पोरगा बाहेर. मला दोघंही आत हवेत."

पाला माझ्या हातातून केव्हाच गळून पडला होता.

६

उन्हं कलायला लागली तेव्हा मिंगानं सगळ्यांना क्येनच्या अंगणात बसवलं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला आम्ही. मधे मगर. त्यानं तिच्या पाठीवर पाणी शिंपडलं आणि चकती घासायला लागला.

"लाकोश."

चकती सरसर मागेपुढे गेली.

"हे कसं शक्य आहे?" मिशे उठला.

"बस. कोतो." सरसर. "मिशे." सरसर. मिशेच्या कपाळावरचा घाम मात्र मला इथून दिसला. "बोलोंग."

म्बोयोनं माझा दंड धरला. चकती सरसर गेली.

मग मिंगानं आणखी पाणी शिंपडलं आणि मोठ्यानं म्हणाला, "न्गादी."

चकती जागच्या जागी चिकटली. मिंगानं ओढली, हलेना. मिशेला म्हणाला, ये, तू ओढ. मिशेनं ओढली, कोतोनं ओढली. आता माझ्या भावाच्या अंगठ्याला काय येतं आणि काय नाही ते मी तुम्हाला सांगणार नाही, पण चकती हलली नाही एवढं खरं.

"याचा अर्थ काय?" मिशे म्हणाला.

"अर्थ सरळ आहे. काल दुपारी न्गादी आली. सगळ्यांनी पाहिली. दारात नाचली, झऱ्याच्या वाटेनं गेली. कोणी तिला उचलून नेताना पाहिलं का?"

"नाही," आम्ही बायका एकसुरात म्हणालो.

"तिच्याबरोबर कोणी होतं?"

"नाही."

"जी आपल्या पायांनी आली आणि आपल्या पायांनी गेली, ती चोरीला कशी गेली?"

"अरे, पण आपल्या पायांनी म्हणजे..." मिशे ओरडला आणि थांबला.

"म्हणजे काय, मिशेभाऊ? बोला. मी सकाळी नव्हतो. सकाळी तुम्ही या अंगणात, या सगळ्या आयाबहिणींसमोर, लाकोशला नेमकं काय म्हणालात, ते मला परत एकदा सांगा. न्गादीच्या संदर्भात कसलंसं 'घालून' म्हणालात म्हणे?"

बायकांसमोर ते बोलणं हा न्गादी हरवण्यापेक्षा मोठा अपराध. त्यापायी रखवालदारी तर जातेच, वर बकरे द्यावे लागतात आणि जन्मभर खाली मान घालून फिरावं लागतं. सकाळी रागाच्या भरात ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता आलं. मिशेचा चेहरा राखेसारखा झाला.

"मी म्हणालो... न्गादी गेली."

"आणि लाकोशला?"

"लाकोशला काही नाही म्हणालो."

मिंगा आमच्याकडे वळला. "बायांनो, तुम्ही काय ऐकलंत?"

मला सूड घ्यायचा होता. खरंच होता. पण मघाचं त्याचं रडणं आठवलं.

"आम्ही कुठे काय ऐकतो?" मी म्हणाले. "आम्ही भरत होतो."

"मला तर ऐकूच येत नाही," म्बोयो म्हणाली. हिला उंदीर चालला तरी ऐकू येतं!

"झालं तर मग," मिंगा म्हणाला. "मिशेभाऊ, झऱ्याखालच्या राईत जा. एकटेच जा. आपली आई बरीच चालली काल, दमून तिथे टेकली असेल. तिला मानानं घरी आणा."

मिशे गेला, राईतून चढावर जाऊन परत आला, तेव्हा त्याच्या चालण्यावरूनच कळलं की सापडली. अंगणातून जाताना तो लाकोशपाशी थांबला. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग बोलोंगबाबासमोर थांबला आणि कोरीव मुठीची काठी त्याच्या हातात दिली. म्हणजे त्याला कळलं होतं. तरी तोही चूप.

पण बाबाला ते सोसेना. माणसं पांगल्यावर त्यानं लाकोशला क्येनच्या घरामागे बोलावलं आणि स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. मी आतून ऐकलं. लाकोश असा भडकला की मला वाटलं, म्हाताऱ्याला मारतो.

"मला चोर म्हणत होते आणि तुम्ही चटईवर बसून बघत होतात!"

"हो."

"वर्षभर मी रात्रंदिवस एकच गोष्ट मनात धरली होती. मामासाठी नाचायचं. आणि मामानं तुम्हाला बोलावलं! मला नाही?"

"तुला शेवटची वाट दिली आहे त्यानं," बाबा म्हणाला. "त्याचे शब्द सांगतो. 'दारात तू ये बोलोंग, तू मला तरुणपणापासून ओळखतोस. पण वेशीपर्यंत मला पोरगा नेईल. त्याची पावलं अजून पुढे जायची आहेत.' कालचा नाच माझा चोरीचा होता. उद्याचा सगळा तुझा. मी पुरुषांत बसून बघीन, बसू दिलंस तर."

लाकोश बराच वेळ भिंतीवर मूठ आपटत राहिला. मग काय ठरलं, ते मला ऐकू आलं नाही.

७

दुसऱ्या दिवशी ढोल वाजले आणि न्गादी आली. कवड्यांनी मढलेली, मण्यांच्या पट्टीनं तोंड झाकलेलं, डोक्यावर पिसं, हातात चवरी. सकाळच्या उन्हात तिचे गाल चमकत होते आणि त्या आसवांच्या रेघा, कोतो म्हणाला होता तशा, ती वळली की वाहायला लागत होत्या. डावा पाय जड पडत होता. ती दारापुढे नाचली. थोडंसंच, पण असं की ढोल वाजवणाऱ्यांचे हात हलके झाले. जन्मभराच्या सोबत्याला माणूस काय सांगेल, ते ती वाकून, मागे सरून, हात पसरून सांगत होती. कोतो तोंड उघडं टाकून बघत होता. मी रडले. सगळ्याच रडलो.

मग ती घरामागे गेली. पुरुषांनी ढोल चालू ठेवला, अंमळ जास्तच जोरात. मिशे मुद्दाम कोपऱ्यावर उभा राहिला, कुणी तिकडे डोकावू नये म्हणून.

न्गादी परत आली ती हरणासारखी. जमीन सोडत होती. गिरक्या घेताना कवड्या खळखळत होत्या. पुरुषांच्या रांगेत बोलोंगबाबा घामानं निथळत येऊन बसला होता आणि काठीनं ताल धरत होता.

"बाई गं, तरुण झाली की ही!" म्बोयो म्हणाली.

"झऱ्याचं पाणी चांगलं आहे आपल्याकडचं," मी म्हणाले.

क्येनला उचललं. आम्ही भरलेलं वस्त्र त्याच्याभोवती गुंडाळलेलं, आणि लाकोशच्या आईचा तांबडा तुकडा छातीवर, मीच तसा घडी घालून दिला होता. न्गादी पुढे, तिरडी मागे, त्यामागे आम्ही. वेशीवर तिला थांबावं लागतं, तिथून पुढे फक्त मेलेला जातो आणि त्याला नेणारे. ती थांबली. तिरडीकडे वळली. नाचणं संपलं होतं, पण तिचे खांदे हलत होते. मण्यांच्या पट्टीमागून हुंदक्याचा आवाज आला. पुरुषाचा, कोवळ्या पुरुषाचा, लपवता न येणारा.

सगळी माणसं जागच्या जागी उभी राहिली. कुणी कुणाकडे बघेना.

तेव्हा बुलापे आमच्यातून निघाली. तीन दिवस ती कुणाशी धड बोलली नव्हती. न्गादीला बाईनं हात लावायचा नाही, हे ती आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त जाणत होती. ती सरळ चालत तिच्यापुढे गेली आणि त्या लाकडी गालावर, आसवांच्या रेघांवर, आपला तळवा ठेवला.

"रडू नकोस बाळा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मामा सुखानं गेला. तू त्याला छान पोचवलंस."

मिशे तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्यानं ऐकलं. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं घसा खाकरला, बुलापेकडे पाठ केली आणि तिरडी धरणाऱ्यांना म्हणाला, "चला, उचला. ऊन वाढतंय."